ग्रामीण नभोवाणी आणि विद्यार्थी-निवेदक: भिवंडी तालुक्यापासून विद्यापीठापर्यंत

महाराष्ट्रातील नभोवाणीचा इतिहास सामान्यतः मुंबई आणि पुणे या दोन केंद्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. केंद्रांच्या स्थापनेच्या तारखा, प्रक्षेपकांची शक्ती, गाजलेले गायक व नाटककार यांची नोंद त्यात होते. परंतु बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि त्या दोघांची भाषा एकच आहे काय, हा प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित केला जातो. ग्रामीण प्रसारणाच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा भिवंडी तालुक्यातील पहिल्या प्रयोगापासून विद्यापीठांच्या केंद्रांवरील विद्यार्थी-निवेदकांपर्यंत घेतला आहे.

१

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. त्याचा प्रक्षेपक दीड किलोवॉट शक्तीचा होता आणि त्याचा आवाज साधारणतः तीस मैलांपर्यंत स्पष्ट पोहोचे. केंद्र चालविणारी खाजगी कंपनी अल्पावधीतच डबघाईस आली व १९३० मध्ये प्रसारण सरकारकडे गेले. पुढे १९३३ मध्ये या केंद्रावरून भिवंडी परिसरातील खेड्यांसाठी मराठी, गुजराती व कानडी भाषांतून कार्यक्रम प्रक्षेपित होऊ लागले. हिंदुस्थानातील ग्रामीण नभोवाणीच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत या कार्यक्रमांची गणना होते.

भिवंडीचीच निवड का झाली, याचे उत्तर बव्हंशी अंतरात असावे असे दिसते. मुंबईहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भिवंडी ओलांडली की पडघे लागते, आणि पडघे हे त्या तीस मैलांच्या वर्तुळाच्या जवळजवळ काठावर येते. शहराच्या आवाजाची कक्षा जेथवर जात होती, तेथवरचे खेडे ‘ग्रामीण श्रोता’ ठरले. भाषांची निवड अधिक बोलकी आहे. मराठी, गुजराती व कानडी या त्या वेळच्या मुंबई इलाख्याच्या प्रमुख भाषा होत. भिवंडी तालुक्यातील शेतकऱ्याला कानडीचा काय उपयोग, हा विचार या निवडीमागे असणे संभवत नाही. कार्यक्रमाची भाषा श्रोत्याच्या घरातून आलेली नव्हती. ती इलाख्याच्या नकाशावरून आलेली होती.

त्या दशकात निरनिराळ्या प्रांतांतील खेड्यांत जे सामुदायिक रेडिओ संच बसविण्यात आले, ते बॅटरीवर चालत. कारण वीज खेड्यात नव्हती. दिल्ली प्रांतातील संच तर पेटीत बंद असत, आणि ठरलेल्या वेळी ते आपोआप सुरू होऊन आपोआप बंद पडावेत अशी योजना असे. गावकऱ्याने त्याला हात लावू नये, ही अपेक्षा त्या यंत्राच्या रचनेतच होती. ऐकणे एवढेच श्रोत्याचे काम. आज त्याच पडघ्यास चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब वीजवाहिनी येऊन पोहोचते; ती १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. विजेचा प्रश्न अशा रीतीने केव्हाच बदलला. बोलण्याचा प्रश्न मात्र तितक्या वेगाने सुटला नाही.

२

श्रोत्याच्या बोलण्याला स्थान देणारा पहिला मोठा प्रयोग १९५६ मध्ये पुण्याच्या केंद्रावरून झाला. हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. युनेस्कोच्या साहाय्याने आखलेल्या ‘रेडिओ शेतकरी मंडळ’ योजनेत पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील १५० खेडी घेण्यात आली. मूळ कल्पना कॅनडातील शेतकरी मंडळांची होती: प्रथम ऐकावे, मग चर्चा करावी, मग कृती करावी. प्रत्येक गावी सुमारे वीस सभासदांचे मंडळ जमे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐके व त्यावर बोले. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. मंडळांनी पाठविलेल्या शंकांना पुढील कार्यक्रमांत उत्तरे दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या द्वारा केले. त्यात तीन प्रकारची गावे तपासली गेली: मंडळ असलेली, केवळ रेडिओ असलेली, आणि रेडिओ नसलेली. मंडळ असलेल्या गावांत शेतीविषयक माहितीत ठळक वाढ आढळली. केवळ रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. ज्ञान आवाजाबरोबर आपोआप पोहोचत नाही, ऐकणारा त्यावर बोलू लागतो तेव्हाच ते त्याचे होते, हा या निष्कर्षाचा गाभा होय. १९३३ च्या योजनेत जे गृहीत धरले होते, ते येथे आकड्यांनिशी खोटे ठरले. १९५९ मध्ये ही योजना देशभर विस्तारली. तथापि मंडळाचे बोलणे पत्राच्या रूपाने केंद्राकडे जाई. सर्वांना ऐकू येणारा आवाज मात्र केंद्राचाच राही.

त्याच केंद्रावरील एक कारकीर्द या दृष्टीने महत्त्वाची आहे. व्यंकटेश माडगूळकर १९५५ मध्ये पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात आले व १९८५ पर्यंत तेथे होते. ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये आणि ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली. ज्या लेखकाने माणदेशाचे बोलणे ग्रंथात आणले, त्याच्याकडे ग्रामीण श्रोत्यांसाठीच्या कार्यक्रमांचे काम सोपविले जाणे, ही सरकारी संस्थेने बोलीला दिलेली मान्यताच म्हणावी लागेल. परंतु तिची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. नभोवाणीवर बोली आली ती मुख्यतः संवादातील पात्रांच्या तोंडी. निवेदन, वार्ता आणि तज्ज्ञांची भाषणे प्रमाण मराठीतच राहिली. बोलीत विनोद करता येतो, सुखदुःख सांगता येते, पण अधिकाराने काही सांगायचे तर प्रमाण भाषाच हवी, ही विभागणी श्रोत्यांच्या मनात त्यामुळे अधिकच पक्की झाली.

३

विद्यार्थ्यांच्या हाती ध्वनिक्षेपक येण्याची प्रक्रिया दोन टप्प्यांत झाली. आकाशवाणीने १९६९ मध्ये ‘युववाणी’ हा विभाग दिल्लीहून सुरू केला व पुढे तो इतर केंद्रांवर आला. तरुणांनी तरुणांसाठी कार्यक्रम करावेत, हा त्याचा हेतू. दुसरा टप्पा विद्यापीठांच्या स्वतःच्या केंद्रांचा. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना केंद्र चालविण्याची मुभा देण्याचे धोरण आले, आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने ही मुभा स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, २००८ मध्ये १०७.८ मेगाहर्ट्झवर सुरू झालेले मुंबई विद्यापीठाचे केंद्र आणि त्याच वर्षी म्हसवड येथे सुरू झालेली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही या धोरणाची फळे होत. माडगूळकरांनी ज्या प्रदेशाची बोली पुण्याच्या केंद्रावर नेली, त्या माणदेशाला अशा रीतीने स्वतःचे केंद्र लाभले.

विद्यापीठाच्या शिक्षकाने केंद्र चालविण्याची परंपरा याहून जुनी आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. म्हैसूर येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये तीस वॉटच्या प्रक्षेपकावर स्वतःचे केंद्र सुरू केले होते, आणि ‘आकाशवाणी’ हे नाव त्याच केंद्राकडून पुढे देशाला मिळाले. आजच्या सामुदायिक केंद्रास शंभर वॉट एवढ्या परिणामी शक्तीची सर्वसाधारण मर्यादा आहे व त्याचा आवाज सुमारे दहा किलोमीटरपर्यंत जातो. धोरणानुसार निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत असावेत. नव्वद वर्षांपूर्वी इलाख्याच्या नकाशावरून भाषा ठरत होती. आता ती दहा किलोमीटरच्या वर्तुळावरून ठरावी, असे नियमच सांगतो.

४

असे एखादे वर्तुळ पडघ्याभोवती काढून पाहिले, तर विद्यार्थी-निवेदकांच्या मार्गदर्शकापुढील प्रश्न स्पष्ट होतो. या परिसरात कुणबी आणि आगरी बोली आहेत, वारली व कातकरी आहेत, कोकणी मुसलमानांची बोली आहे, आणि जवळच्या भिवंडीत उर्दू आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात ठाणे जिल्ह्यातील आगरी, कोळी, कुणबी, वारली, कातकरी इत्यादी बोलींची दखल घेतलेली आहे. ‘ण’च्या ठिकाणी ‘न’, दोन स्वरांमधील ‘ड’च्या ठिकाणी ‘र’ (‘घोडा’चे ‘घोरा’), ‘वीस’चे ‘ईस’ ही उत्तर कोकणातील बोलींची लक्षणे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. ती नियमित आहेत; म्हणजेच ती व्याकरण आहेत, चुका नव्हेत.

या परिसरातील विद्यार्थी विद्यापीठाच्या स्टुडिओत येतो, तेव्हा त्याला दोन निरनिराळ्या गोष्टी शिकविल्या जातात, आणि बहुधा त्या एकच समजल्या जातात. पहिली श्राव्यतेची. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही. म्हणून वाक्य लहान असावे, कर्ता क्रियापदापासून फार दूर जाऊ नये, ‘पूर्वोक्त’ वा ‘अनुक्रमे’ असे शब्द टाळावेत. ‘त्रेपन्न’ आणि ‘त्रेसष्ट’ कानाला सारखे वाटतात, म्हणून आकडा ‘पाच तीन’ असा फोडून पुन्हा सांगावा. श्वास कोठे घ्यावा, कागदाचा आवाज होऊ न देता पान कसे बाजूला ठेवावे, हेही याच पाठात येते. दुसरी गोष्ट शुद्धतेची: ‘न’ आणि ‘ण’ नीट उच्चार, गावाकडचा हेल टाक. पहिली शिकवण श्रोत्याच्या हिताची आहे. दुसरीने श्रोत्याचे हित होतेच असे नाही. ज्या श्रोत्यासाठी कार्यक्रम करावयाचा, त्याच्याच घरातील उच्चार ती निवेदकाच्या तोंडून काढून घेते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, विद्यार्थ्याला पुढे आकाशवाणीत वा खाजगी वाहिनीत नोकरी करावयाची असते, आणि तेथे प्रमाण उच्चाराचीच अपेक्षा असते. हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. प्रमाण उच्चार शिकण्याची संधी नाकारणे हाही विद्यार्थ्यावर अन्यायच होय. परंतु प्रमाण उच्चार जोडून देणे आणि मूळ उच्चार पुसून टाकणे या भिन्न क्रिया आहेत. पावसाच्या अंदाजाचे निवेदन प्रमाण भाषेत करणारा विद्यार्थी पुढच्याच कार्यक्रमात आपल्या आजीची भातलावणीवरील मुलाखत आपल्या बोलीत घेऊ शकतो. शिवाय पावसाचा अंदाजही बोलीत सांगता येतो. बोली केवळ पात्रांच्या तोंडी ठेवण्याची जुनी विभागणी मोडायची असेल, तर ती येथेच मोडू शकते. ते मार्गदर्शकाने प्रथम स्वतः मानले पाहिजे.

अशा मार्गदर्शकाची कारकीर्द इतिहासात सहसा उरत नाही. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन जातो, नवा येतो, आणि पाठ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. १९५६ च्या प्रयोगाचा अहवाल छापला गेला म्हणून तो आज अभ्यासता येतो. विद्यापीठीय केंद्रांवरील विद्यार्थ्यांच्या आवाजाच्या बाबतीत तसे होण्यासाठी ध्वनिमुद्रणे गाव, बोली व वर्ष यांच्या नोंदीसह जतन करणे अगत्याचे आहे. हे काम भाषाविभाग आणि इतिहासविभाग यांनी मिळून करण्याजोगे आहे. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणात ठाणे जिल्ह्यातील बोली लिपीबद्ध नमुन्यांच्या रूपाने आल्या. आता त्याच बोलींचे बोलणारे ध्वनिक्षेपकापुढे स्वतः बसू लागले आहेत. १९३३ मध्ये भिवंडीच्या खेड्यांना केवळ ऐकावयास लावणाऱ्या माध्यमाचा इतिहास त्यांच्या आवाजाविना अपुरा राहील.