जगतशेठांची पेढी

अपार संपत्ती केवळ मालाच्या व्यापारातून उभी राहते, असा सर्वसाधारण समज आहे. मुर्शिदाबादच्या जगतशेठांचा इतिहास निराळेच सांगतो.

या घराण्याचे मूळ पुरुष हिरानंद साहू हे नागोरहून पाटण्यास आले. त्यांचे पुत्र माणिकचंद यांनी बंगालचा दिवाण मुर्शिदकुली खान याचा विश्वास संपादन केला. त्यांचे वारस फतेहचंद यांस १७२३ साली महंमदशहा बादशहाने ‘जगतशेठ’ हा किताब दिला.

या वैभवाचे मर्म टांकसाळीत होते. रुपया पाडल्यास काही काळ लोटला की त्यावर बट्टा बसे. सारा मात्र चालू शिक्क्याच्या हिशेबाने द्यावा लागे. शेठ जुने नाणे पडत्या भावाने घेत आणि नवे पाडवून पुऱ्या किमतीस देत. दिल्लीस जाणारा वसूलही त्यांच्याच हुंडीने जाई.

१७४२ साली मराठी फौजेने या पेढीतून दोन कोट रुपये नेल्याचे अठराव्या शतकातील तवारिखेत नमूद आहे. तरीही पेढी डगमगली नाही. मात्र १७५७ साली सिराजउद्दौल्याविरुद्ध ज्या इंग्रजांस शेठांनी हात दिला, त्यांच्याकडेच १७६५ साली दिवाणी गेली आणि १७७२ साली खजिनाही कलकत्त्यास हलला. तत्पूर्वी १७६३ मध्येच महताबराय व स्वरूपचंद यांस मीर कासिमने ठार करविले होते.

लुटीने जे झाले नाही, ते सत्तेच्या दारातील जागा सुटताच झाले. रयतेच्या रुपयावरील बट्टा मात्र त्यानंतरही काही वर्षे चालूच राहिला.