भाजे ते एकवीरा : समूहनृत्याची बांधणी दगडात वाचताना

१/ मळवली रेल्वे स्थानकाच्या एका अंगाला भाजे लेणी, दुसऱ्या अंगाला कार्ले. भाज्याच्या ज्या विहारात सूर्य आणि इंद्र म्हणून ओळखली जाणारी प्रसिद्ध शिल्पे आहेत, तेथेच एक लहानसे दृश्य कोरलेले आहे : एक स्त्री तालवाद्य वाजवीत आहे आणि दुसरी नाचत आहे. काळ साधारण इसवीसनपूर्व २ रे शतक.

२/ हे शिल्प समाजमाध्यमांवर वारंवार फिरते ते एकाच वाक्यासह : ‘तबला २००० वर्षे जुना असल्याचा पुरावा’. हा निष्कर्ष घाईचा आहे. आजच्या घडणीच्या तबल्याची खात्रीची चित्रे व उल्लेख १८ व्या शतकापासून मिळतात. त्याआधी नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांचा संच वर्णिलेला आहे : आडवे आंकिक, उभे ऊर्ध्वक आणि कवेत धरायचे आलिंग्य. भाज्याचे वाद्य त्या जुन्या परंपरेच्या अधिक जवळचे मानावे लागते.

३/ या वादात नर्तिका मात्र दुर्लक्षित राहते. खरे तर नृत्याच्या इतिहासासाठी महत्त्वाचे आहे ते त्या दोघींमधील नाते. एकीचा हात वाद्यावर पडतो, दुसरीचे अंग त्याला उत्तर देते. समूहरचनेची सर्वांत लहान घडी हीच : दोन देह आणि एक ताल.

४/ ही घडी मोठी कशी होते? नाट्यशास्त्राच्या ४ थ्या अध्यायात याची पायरीपायरीने मांडणी आहे. (ग्रंथाचा काळ सामान्यतः इ.स.पू. २०० ते इ.स. २०० यांच्या दरम्यान धरतात.) हात आणि पाय यांची एकत्रित क्रिया म्हणजे ‘करण’. दोन करणांची एक ‘मातृका’. अशा दोन, तीन किंवा चार मातृकांचा एक ‘अंगहार’. करणे १०८, अंगहार ३२.

५/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सुटी हस्तमुद्रा हा या मांडणीचा आरंभ नाही. हात आणि पाऊल जुळल्यावाचून करण होत नाही, आणि करणाला करण जोडल्यावाचून नृत्य पुढे सरकत नाही. अक्षर, शब्द, वाक्य अशी ही चढण आहे.

६/ त्यापुढची पायरी समूहाची : ‘पिंडीबंध’. त्याचे चार प्रकार सांगितले आहेत : पिंडी, शृंखलिका, लताबंध आणि भेद्यक. एकवटलेला पुंज, साखळी, वेलीची गुंफण आणि समूहातून वेगळे होणे, असे चित्र या नावांतूनच डोळ्यांपुढे उभे राहते. देवतांनुसारही पिंडी आहेत : विष्णूची गरुडाची, ब्रह्मदेवाची कमळाची, इंद्राची ऐरावताची.

७/ प्रवेशाचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम एक नर्तकी पुष्पांजली घेऊन येते, फुले वाहते, वंदन करते. मग इतर स्त्रिया क्रमाने येऊन पिंडी बांधतात. पिंडी पूर्ण झाली की सर्वजणी निघून जातात. एकीपासून अनेकींकडे, आकृती, आणि मग रिकामा रंगमंच.

८/ आता कार्ल्याकडे वळू. इ.स. १ ल्या शतकाच्या सुमारास घडलेल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांची दंपतीशिल्पे आहेत. जोडी तीच, पण हाताची ठेवण आणि शरीराचा झोक प्रत्येक वेळी थोडा निराळा. पुनरुक्तीतला हा किंचित फरकच रांगेला लय देतो. पुढच्या शतकांत या शिल्पांच्या मधल्या जागांत बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या आणि मूळ रांगेची सलगता उरली नाही.

९/ मावळाबाहेरचे एक उदाहरण येथे घेणे आवश्यक आहे. औरंगाबाद लेण्यांतील ७ व्या लेण्यात, इ.स. ६ व्या शतकाच्या सुमाराच्या शिल्पात, मध्यभागी एक नर्तिका आणि भोवती सहा वादक स्त्रिया आहेत. बसलेल्या वादकांमुळे उभ्या नर्तिकेची उंची आणि देहाचा वळसा उठून दिसतो. भाज्याची जोडी येथे केंद्र आणि परिघ झाली आहे.

१०/ या तीन शिल्पांतून एक सरळ विकासरेषा काढण्याचा मोह टाळावा. भाज्याच्या शिल्पकारापुढे नाट्यशास्त्र होते असे दाखवता येत नाही. शिवाय शिल्पात एकच क्षण गोठलेला असतो. त्याआधीचे आणि नंतरचे पाऊल दगड सांगत नाही. ग्रंथ क्रम सांगतो, शिल्प स्थिती दाखवते. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवली तरच समूहनृत्याचा विचार कसा होत असे याचा अंदाज बांधता येतो.

११/ कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरच एकवीरा देवीचे मंदिर आहे. चैत्रातील पालखीला कोकण किनाऱ्यावरून कोळी आणि आगरी भाविक मोठ्या संख्येने येतात. कोळीनृत्याची रचना पाहावी : स्त्री-पुरुषांच्या रांगा, वल्हे मारण्याची क्रिया, लाटेबरोबर डोलणारे अंग. रोजच्या श्रमातली हालचाल तालात बांधली, रांगेत वाटली, की तिचे नृत्य होते. त्यासाठी कुणाला ग्रंथ उघडावा लागला नाही.

१२/ भाज्याच्या त्या दोघींची नावे कोठेही कोरलेली नाहीत. कार्ल्यात दान देणाऱ्यांची नावे शिलालेखांत टिकली. नाचणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची टिकली नाहीत. त्यांचा इतिहास उरला आहे तो हाताच्या वळणात आणि अंगाच्या झोकात, आणि दगड झिजतो आहे. पुढच्या वेळी ते छायाचित्र समोर आले, तर वाद्याच्या वयावरून वाद घालण्याआधी त्या नाचणारीकडे थोडा वेळ पाहावे.