अर्कर्टचा किल्ला कोणी पाडला?

स्कॉटलंडमधील लॉख नेस हे सरोवर जगाला ठाऊक आहे ते आजवर कोणालाही न सापडलेल्या एका प्राण्यामुळे. त्याच सरोवरात घुसलेल्या भूशिरावर अर्कर्ट किल्ल्याचे भग्नावशेष उभे आहेत. 2019 साली 5 लाखांहून अधिक पर्यटक तेथे गेले. त्यांतील किती जणांनी पाण्याकडे पाठ फिरवून किल्ल्याचे महाद्वार नीट पाहिले असेल, कोण जाणे! हा धागा त्या महाद्वाराविषयी.

द्वाराशेजारी दगड-चुन्याच्या बांधकामाचे प्रचंड तुकडे आडवे पडलेले आहेत. वारा-पाऊस भिंती झिजवतात, तेव्हा दगड एकेक करून निखळतात. येथे मात्र भिंतींचे अखंड ठोकळेच उडून पडले आहेत. हे काम काळाचे नव्हे, दारूचे आहे. आणि त्या दारूला बत्ती शत्रूने दिलेली नव्हती.

आधी जागेचे महत्त्व पाहू. इनव्हर्नेसपासून नैर्ऋत्येकडे एक सरळ, खोल दरी स्कॉटलंडचा डोंगराळ प्रदेश चिरत जाते. सुमारे 37 किलोमीटर लांबीचे लॉख नेस याच दरीत आहे. डोंगर ओलांडण्यापेक्षा पाण्याने जाणे सोपे. म्हणून हा किल्ला ज्याच्या हाती, त्याची या वाटेवर नजर.

साहजिकच तो कोणाच्याही हाती फार काळ स्वस्थ राहिला नाही. तेराव्या शतकात तो डरवर्ड आणि मग कॉमिन या सरदार घराण्यांकडे होता. 1296 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तो घेतला. पुढे तो रॉबर्ट ब्रूसने परत मिळवला. त्यानंतरची दीडशे-दोनशे वर्षे स्कॉटलंडचे राजे आणि पश्चिमेकडील बेटांचे अधिपती मॅकडोनाल्ड यांच्यातील ओढाताणीत गेली. 1509 मध्ये चौथ्या जेम्सने किल्ला ग्रांट घराण्याला दिला, तोही डागडुजी करण्याच्या अटीवर.

1545 मध्ये मॅकडोनाल्ड आणि कॅमेरॉन टोळ्यांनी घातलेला छापा मला या साऱ्या लढायांपेक्षा अधिक बोलका वाटतो. 20 तोफा आणि 3 मोठ्या होड्या त्यांनी नेल्याच. शिवाय खोऱ्यातील रयतेची गुरेढोरे आणि धान्य नेले, किल्ल्यातील अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी आणि दारेसुद्धा काढून नेली. किल्ला सरदाराचा, पण त्याची किंमत भोवतालच्या शेतकऱ्यांनी मोजली.

आता मूळ प्रश्नाकडे. 1688 च्या क्रांतीत सातव्या जेम्सचे सिंहासन गेले आणि विल्यम व मेरी सत्तेवर आले. पदच्युत राजाचे समर्थक ते जॅकोबाइट. 1689 मध्ये सरकारपक्षाचे सुमारे 200 शिपाई अर्कर्टमध्ये होते. 500 जॅकोबाइटांनी त्यांना वेढले. वेढ्याच्या थोडे आधीच रसद पोहोचलेली असल्याने किल्ला तगला. 1690 मध्ये क्रॉमडेल येथे जॅकोबाइट पराभूत झाले आणि 1692 मध्ये शिबंदीने किल्ला सोडला. जाताना तिनेच महाद्वाराला सुरुंग लावला. ज्या किल्ल्याने वेढा सोसला, तो उद्या शत्रूच्या उपयोगी पडू नये एवढाच हेतू.

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना हे तर्कशास्त्र परके नाही. 1818 मध्ये मराठी सत्ता संपल्यावर इंग्रजांनी आपल्या अनेक गिरिदुर्गांच्या वाटा आणि पायऱ्या याच विचाराने फोडल्या.

ग्रांट घराण्याला भरपाई मंजूर झाली. दुरुस्ती मात्र कोणी केली नाही. आसपासच्या लोकांनी उपयोगी पडेल ते बांधकामाचे सामान उचलून नेले (वाड्यांचे दगड घराघरांत जातात, तसेच हे). 1715 च्या वादळात सरोवराकडील ग्रांट मनोऱ्याचा काही भाग कोसळला. 1913 मध्ये अवशेष सरकारी देखभालीखाली आले. त्यानंतर वीस वर्षांनी, 1933 मध्ये, सरोवरातील त्या प्राण्याच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकू लागल्या आणि चार शतकांहून अधिक काळ होड्यांवर पाळत ठेवणारा हा किल्ला प्राण्याची वाट पाहण्याची जागा झाला.