गन्स्टन हॉल : जॉर्जियन वास्तुशैली आणि श्रमाचा इतिहास

प्रस्तावना
इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात जॉर्ज नावाचे चार राजे क्रमाने आले. त्यांच्या कारकिर्दीत रूढ झालेल्या वास्तुशैलीस 'जॉर्जियन' अशी संज्ञा आहे. प्रमाणबद्धता आणि सममिती ही तिची प्रमुख लक्षणे होत. अमेरिकेतील इंग्रज वसाहतींमधील जमीनदारांनी ही शैली प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून स्वीकारली. व्हर्जिनियात पोटोमॅक नदीच्या परिसरात जॉर्ज मेसन यांनी बांधलेले 'गन्स्टन हॉल' हे विटांचे घर या शैलीचा महत्त्वाचा नमुना होय. वास्तू ही मालकाच्या अभिरुचीबरोबरच श्रमव्यवस्थेचीही साक्ष देते, हे या घराच्या आधारे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

वास्तुरचना
घराचे बांधकाम साधारणतः १७५५ ते १७५९ या काळात झाले. दर्शनी भाग दीड मजली व साधा आहे. भिंतींचे वीटकाम फ्लेमिश पद्धतीचे असून, त्यात प्रत्येक थरात विटेची लांब बाजू आणि आखूड बाजू आलटून पालटून दिसते. कोपऱ्यांना घडीव वालुकाश्म बसविलेला आहे. नदीच्या बाजूस अर्धअष्टकोनी देवडी असून तिच्या टोकदार कमानी गॉथिक वळणाच्या आहेत.

आत शिरताच घराच्या आरपार जाणारा मधला प्रशस्त सोपा लागतो. उन्हाळ्यात वारा खेळता ठेवणे आणि पाहुण्यांना कुटुंबाच्या खोल्यांपासून वेगळे राखणे, अशी दोन्ही कामे तो करीत असे. एका बाजूस समारंभाच्या दोन खोल्या आहेत. त्यांपैकी एकीचे लाकूडकाम चिनी धाटणीचे, तर दुसरीचे पॅलाडियन पद्धतीचे आहे. दुसऱ्या बाजूस कुटुंबाच्या खोल्या आहेत. मुख्य जिन्याखेरीज सेवकांसाठी वेगळा अरुंद जिनाही आहे. बाहेरून समतोल दिसणारी ही वास्तू आतून माणसांची प्रतवारी करते.

कारागीर आणि श्रम
अंतर्भागाची सजावट विल्यम बकलंड या इंग्रज सुताराच्या देखरेखीखाली झाली. तो १७५५ मध्ये चार वर्षांच्या कराराने बांधला जाऊन येथे आला. करार संपल्यावर त्याने स्वतंत्र लौकिक मिळविला; अ‍ॅनापोलिस येथील हॅमंड-हारवुड हाउस ही त्याची ख्यातनाम कृती होय. गुलामांच्या बाबतीत मात्र अशी मुदत नव्हती. शेती आणि घरकाम त्यांच्याच श्रमावर चालत असे.

मेसन यांनी मसुदा केलेला व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा १२ जून १७७६ रोजी संमत झाला. सर्व माणसे निसर्गतः सारखीच स्वतंत्र आहेत, हे त्याचे पहिले तत्त्व होते. १७८७ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात त्यांनी गुलामांच्या व्यापारावर कठोर टीका केली; तरीही १७९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते स्वतः गुलामांचे मालकच राहिले.

निष्कर्ष
हक्कांचा जाहीरनामा आणि सेवकांचा अरुंद जिना ही एकाच घराची दोन साधने आहेत. मेसन यांच्या विचारांचा अभ्यास केवळ जाहीरनाम्याच्या आधारे केल्यास तो अपुरा ठरतो. लेखी साधनांत ज्यांचा आवाज क्वचितच उमटला, त्यांच्या वाटा या घराच्या रचनेतून दिसतात. म्हणूनच वास्तूकडे इतिहासाचे स्वतंत्र साधन म्हणून पाहणे आवश्यक ठरते.