खुराक आणि उपयोक्ता

कोल्हापुरात गंगावेशीतील दूधकट्ट्यावर उभे राहिले, की एकाच म्हशीचे धारोष्ण दूध दोन प्रकारची माणसे पिताना दिसतात. एक, तालमीतून नुकताच बाहेर पडलेला, कान चुरगळलेला, अंगाला अजून तांबडी माती चिकटलेला तरुण पैलवान. दुसरा, रंकाळ्याला अर्धीमुर्धी फेरी मारून आलेला, पन्नाशी ओलांडलेला, आमच्यासारखा एखादा मास्तर. पेला सारखा, फेस सारखा आणि 'दुधासारखे दूध नाही' हा विश्वासही सारखाच. मात्र त्या पेल्यापूर्वी एकाने काही शे जोर-बैठका मारलेल्या असतात आणि दुसऱ्याने जेमतेम दोन किलोमीटर पाय हलवलेले असतात. प्रस्तुत लेखाचा विषय हा फरकच आहे.

विषयाकडे आम्ही वळलो ते अभ्यासाच्या ओढीने नव्हे, हे आधीच कबूल करावे. वर्षापूर्वी एका तपासणीत आमच्या रक्तातील साखर सीमारेषेवर आढळली आणि डॉक्टरांनी वजन उतरवा एवढेच सांगितले. कसे उतरवावे, हे सांगायला मात्र सारे कोल्हापूर पुढे आले. तालमीत वाढलेल्या मित्राने सकाळी अर्धा लिटर कच्चे दूध सुचवले. शेजारच्या काकांनी साखर सोडून गूळ धरायला सांगितले. एका सहकाऱ्याने दिवसातून दोनदाच जेवा असे बजावले, तर एका विद्यार्थिनीने दर दोन तासांनी थोडे थोडे खा, असा आग्रह धरला. प्रत्येकाजवळ अनुभव होता, उदाहरण होते, आणि आमच्याविषयी कळकळही होती. संहिता वाचून तिचा खरेखोटेपणा तपासण्याची सवय असलेल्या माणसाने अशा वेळी काय करावे?

आम्ही एक जुनी प्रश्नावली हाती घेतली. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहाराचा विचार करताना आठ गोष्टी पाहाव्यात असे म्हटले आहे: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. म्हणजे पदार्थाचा स्वभाव, त्यावर झालेला संस्कार, त्याचे मिश्रण, प्रमाण, प्रदेश, वेळ, खाण्याचे नियम आणि अखेरीस खाणारा माणूस. ही यादी आम्ही पुरावा म्हणून मानत नाही. आजच्या शरीरशास्त्राचे काम ती करू शकत नाही. परंतु वाचनाची पद्धत म्हणून ती मोलाची आहे. शास्त्रग्रंथाच्या आरंभी 'अधिकारी' कोण, हा ग्रंथ कोणासाठी, असे विचारण्याची जी परंपरा आहे, तिचेच हे स्वयंपाकघरातील रूप. आमचे म्हणणे एवढेच, की आहाराचा सल्ला जेव्हा एका तोंडून दुसऱ्या तोंडी जातो, तेव्हा या आठांपैकी सर्वांत आधी गळून पडतो तो आठवा, म्हणजे उपयोक्ता. कोल्हापूरच्या खुराकाचा इतिहास हा या गळतीचा इतिहास आहे.

'खुराक', 'पैलवान' आणि 'वस्ताद' हे तिन्ही शब्द फारसीतून आले. 'तालीम' हा मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थ शिक्षण. तालीम ही शाळा होती आणि खुराक हा त्या शाळेच्या अभ्यासक्रमाचा भाग होता, ही गोष्ट शब्दांतच नोंदलेली आहे. शाहू महाराजांनी 1894 साली राज्यकारभार हाती घेतला आणि कुस्तीला दरबारचा भक्कम आश्रय मिळाला. 1902 साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात युरोपातील क्रीडांगणे पाहून आल्यावर त्यांच्या मनात जे मैदान घोळत राहिले, ते खासबागेत 1912 साली उभे राहिले. बाहेरचे नामांकित मल्ल येथे येऊन लढू लागले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींतून पेठांची मुले आणि खेड्यांतून आलेली मुले एकाच हौद्यात उतरू लागली.

त्या हौद्यातला दिवस पाहिला म्हणजे खुराकाचा अर्थ कळतो. पहाटे उठणे, जोर, बैठका, माती उकरणे, मग लढती, दुपारची झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. त्यानंतर कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई, दूध, तूप, मटण. दूध-तुपाच्या या रतिबामागे रोजचे कित्येक तासांचे श्रम उभे होते. शिवाय खुराक किती, हे पोराने ठरवायचे नसे. ते वस्ताद ठरवीत. कोणाचे अंग कसे आहे, कोणाला तूप पचते, कोण मेहनतीत कमी पडतो आहे, हे त्यांना रोज डोळ्यांनी दिसत असे. चरकाच्या यादीतील आठही गोष्टी तेथे कोणी तोंडाने न म्हणताही पाळल्या जात होत्या.

पण तालमीबाहेर जे पसरले ते वस्तादांचे डोळे नव्हेत, तर आकडे. अमुक मल्ल दिवसाला इतके शेर दूध पीत असे, तमुक इतके बदाम खात असे, या कथा आमच्या लहानपणी प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येत. गामा पैलवानाच्या दुधाचे माप तर सांगणाऱ्यागणिक वाढत जाई. 1910 साली लंडनमध्ये झबिस्कोशी झुंजलेला गामा हा इतिहास आहे. त्याच्या दुधाच्या बादल्या ही आख्यायिका. आख्यायिकेत अतिशयोक्ती अलंकार म्हणून शोभते, पण तिची उपदेशाशी गल्लत झाली की घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला गामाचे दूध लक्षात राहते, बैठका विसरल्या जातात.

खुद्द कुस्तीतही माप बदलले, याचे उत्तम उदाहरण खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले आणि 1952 साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले, ही कथा कोल्हापूर अजून अभिमानाने सांगते. आम्हांला येथे त्या कथेतील दुसरी एक बाब महत्त्वाची वाटते. मातीतल्या कुस्तीत जोड लावताना नजरेचा अंदाज चाले. ऑलिंपिकच्या गादीवर चढण्यापूर्वी काट्यावर चढावे लागे. 52 किलो, 57 किलो, अशा रेषा आखल्या गेल्या आणि 'जितके खाल तितके बळ' हे सूत्र मोडले. महाराष्ट्राला ऑलिंपिकचे पदक मिळवून देणारा मल्ल हा अंगाने लहान, चपळ आणि वजन राखून असलेला माणूस होता, याची आठवण खुराकाच्या गप्पांत सहसा कोणी काढत नाही.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दरबारचा आश्रय संपला. तालमी राहिल्या, खुराकाचा खर्च मात्र पोरांच्या घरांवर आला. शेतकरी बापाने म्हैस पोराच्या नावाने राखून ठेवावी, घरातल्या इतरांनी कोरा चहा प्यावा, हे चित्र या जिल्ह्यात अनोळखी नाही. आणि कुस्ती सुटल्यावर काय होते? आमच्या गल्लीत एक निवृत्त वस्ताद राहतात. गुडघा गेल्याने तिशीतच त्यांचा हौदा सुटला, पण ताटातले तूप सुटले नाही. आता रोज मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. आम्ही त्यांना विचारले, "वस्ताद, दूध किती घ्यावं आम्ही?" त्यांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "मास्तर, जोर किती मारतासा?" आम्हांला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत उपयोक्त्याची चौकशी करणारे हे एकच वाक्य होते.

येथे कोणी म्हणेल, की ही सारी परंपरेची कहाणी झाली. विज्ञानाने हे प्रश्न केव्हाच सोडवले आहेत. विज्ञानाने पुष्कळ सोडवले हे खरे. पण तेथेही उपयोक्ता निसटल्याची उदाहरणे आहेत. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे 1920 च्या दशकात उंदरांच्या गटांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचे आहार दिले. सर्वांत चांगली वाढ शीख आहारावर झाली, मग पठाणी, आणि तिसरा क्रमांक मराठा आहाराचा. तळाशी बंगाली आणि मद्रासी. प्रयोगाची शिस्त वाखाणण्यासारखी होती, आणि अखंड गहू, दूध, भाजीपाला यांचे महत्त्व त्यातून स्पष्ट झाले. परंतु पुढे या क्रमवारीचा उपयोग 'लढवय्ये' आणि 'दुबळे' समाज आहारातून समजावून सांगण्यासाठी होऊ लागला. दारिद्र्य, रोगराई, श्रम, जमीनधारणा हे सारे पिंजऱ्याबाहेर राहिले. त्या उंदरांना शेतसारा नव्हता आणि जोर-बैठकाही नव्हत्या. कुन्नूरचे ते काम पुढे 1958 साली हैदराबादला हलवलेल्या संस्थेत वाढले. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था.

दुसरे टोक व्यक्तिगत अनुभवाचे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सँडोची साधने आणून सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला, आणि नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कारांनी त्यांना जे लाभले ते त्यांनी संस्थानातील शाळांपर्यंत नेले. 1938 साली लंडनहून निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात आहाराचाही उपदेश आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही 'मला लाभले' यापासून 'सर्वांना लाभेल' इथपर्यंतचे अंतर प्रामाणिकपणाने ओलांडता येत नाही. रोज शेकडो नमस्कार घालणाऱ्या माणसाची प्रकृती कशाने सुधारली, नमस्कारांनी, आहाराने, की नियमितपणाने, हे त्या माणसालाही सांगता येणार नाही.

आता आमच्याकडे आलेले सल्ले पुन्हा वाचू. गूळ ही कोल्हापूरची ओळख. 2014 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण गुळातही बहुतांश साखरच असते. त्यात खनिजे किंचित अधिक असली तरी सीमारेषेवर उभ्या असलेल्या माणसाच्या रक्ताला त्या मानांकनाचे कौतुक नाही. कच्च्या दुधाचे तसेच. उकळल्याने दुधातील प्रथिनांचे पोषणमूल्य फारसे घटत नाही, मात्र क्षय आणि ब्रुसेलोसिस यांचे जंतू मरतात. हे दोन सल्ले 'करण' आणि 'प्रकृती' यांच्या पायरीवरच अडखळतात.

दोन वेळांचा आणि दोन तासांचा सल्ला अधिक अवघड. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून आलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचवलेली दोनदाच जेवण्याची पद्धत एकीकडे. ऋजुता दिवेकर यांनी 2009 च्या आपल्या पुस्तकात सांगितलेली दर दोन तासांनी खाण्याची रीत दुसरीकडे. मराठी घरांत दोन्हींचे अनुयायी एकाच पंगतीला बसतात आणि दोन्हींकडे वजन उतरलेली माणसे आहेत. यात कोणी खोटे बोलते असे नव्हे. 2018 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 609 प्रौढांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटाला कमी स्निग्धाचा, दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर दिला गेला. सरासरी घट एका गटात 5.3 किलो, दुसऱ्यात 6 किलो. हा फरक निर्णायक ठरला नाही. मात्र प्रत्येक गटाच्या आत काहींचे वजन पुष्कळ उतरले, तर काहींचे चक्क वाढले. ही चाचणी वेळांची नव्हती, पदार्थांची होती. तरी तिचा धडा येथेही लागू पडावा. दोन पद्धतींमधल्या अंतरापेक्षा माणसामाणसांतले अंतर मोठे होते. वस्तादांच्या प्रश्नाला मिळालेले हे आकड्यांतले उत्तर आहे.

आमचे स्वतःचे काय झाले, असे वाचक विचारतील. थोडे उतरले. कशाने, ते आम्ही येथे सांगत नाही. आमचाही अनुभव एका उंदराचाच आहे.

पण या प्रकरणात आमच्यासारख्या मास्तरांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते कट्ट्यावरच्या त्या दुसऱ्या उपयोक्त्याचे. आज सोळा-सतरा वर्षांच्या पैलवान पोरांच्या पेटीत थंडाईच्या कुंडीशेजारी प्रथिनांच्या पावडरीचा डबा दिसतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शनात अशा पावडरींपासून दूर राहण्याचा सल्ला दिला आहे. पण डब्यावर छापलेला दंड त्या मार्गदर्शनापेक्षा मोठा दिसतो. डब्याचे पैसे गावाकडचा बाप उसाच्या बिलातून पाठवतो. तो डबा कोणासाठी बनवला, किती मेहनतीवर, किती वयाला, हे त्या पोराला कोणी सांगत नाही. पूर्वी ते विचारणारा वस्ताद हौद्याच्या काठावर बसलेला असे. डब्याला डोळे नसतात.