डेकचं वजन

रत्नागिरीच्या हवेत लोखंड टिकत नाही. हा शोध कुणा शास्त्रज्ञाने लावलेला नसून घरोघरच्या कडीकोयंड्यांनी लावलेला आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेल्या दिवसांत खारा वारा. जुलैत चपलांना बुरशी, ऑगस्टात खिडकीच्या गजांना गंज. अशा गावात माणसाने आंबे जमवावेत, फणस जमवावेत, फार तर भाऊबंदकीचे दावे जमवावेत. मी कॅसेट डेक जमवतो. सध्या चार आहेत. "पाहुण्याला बसायला खुर्ची नाही, पण तुमच्या डेकला टेबल आहे," असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे, आणि त्यात सत्याचा अंश पुष्कळच आहे.

आधी एक खुलासा. टेपरेकॉर्डर वेगळा नि डेक वेगळा. टेपरेकॉर्डर हा स्वयंपूर्ण गृहस्थ. कॅसेट घाला, बटण दाबा, गाऊ लागतो. डेकला स्वतःचा स्पीकर नसतो. तो अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचा, अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला जोडायचा, मग कुठे आवाज. म्हणजे गवई उत्तम, पण गळा शेजाऱ्याकडून मागून आणायचा. "एवढा मोठा डबा, नि नुसता वाजत नाही?" हे मला आजवर इतक्या लोकांनी विचारलं आहे, की आता मी नुसता हसतो.

मुळात कॅसेटचा जन्म संगीतासाठी नव्हताच. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती मांडली, तेव्हा साहेबाने पत्र तोंडी सांगावं आणि टंकलेखिकेने ते ऐकून उतरवावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद आणि तिची चाल सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. स्टुडिओतली मोठी फीत त्याच सेकंदात अडतीस सेंटिमीटर पळायची. त्यामानाने आपली कॅसेट म्हणजे देवळात प्रदक्षिणा घालणारी म्हातारी. पण फिलिप्सने एक शहाणपण केलं. कॅसेट बनवण्याचा परवाना इतर कंपन्यांना फुकट दिला. त्यामुळे जगभर एकाच मापाची कॅसेट झाली, आणि टोकियोत घेतलेली कॅसेट टिळक आळीतल्या यंत्रात बिनतक्रार बसू लागली.

मग जपानी माणसं हट्टाला पेटली. या म्हातारीला शास्त्रीय संगीत गायला लावायचंच! पार्श्वभूमीची खरखर कमी करायला डॉल्बी आलं, फितीवर नेहमीच्या लोहभस्माऐवजी क्रोमियमचा लेप आला, आणि १९७३ साली नाकामिची कंपनीने तीन स्वतंत्र हेडांचा डेक काढला. एक पुसायला, एक भरायला, एक ऐकायला. भरलेलं कसं उमटतंय ते भरता भरताच ऐका! आपल्याकडे सरकारी कामात ही तिन्ही खाती अजून एका मजल्यावर आलेली नाहीत.

पण खरी गोम हेडांत नाही, चाकात आहे. फीत ज्या बारीक दांडीला घासून सरकते, त्या दांडीच्या मागे एक भरीव चाक असतं. चाक जितकं जड, तितकी चाल स्थिर. ते हलकं असलं की भीमसेनांचा लांबवलेला षड्ज होडीत बसल्यासारखा हेलकावे खातो; पट्टा सैल पडला तर लताबाईंचा स्वर उतरता उतरता थेट भीमसेनांना जाऊन मिळतो. म्हणून चांगला डेक उचलायला जड लागतो. सहा-सात किलोंचं ओझं ही त्याची मिजास नव्हे, तो त्याचा सुरासाठी केलेला खर्च आहे.

आता हे जपानी वजन रत्नागिरीत आलं कसं? कोकण पिढ्यानपिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरवर जगलं, हे सर्वांना ठाऊक आहे. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, आखातात कामं निघाली, आणि मनीऑर्डरीचा पत्ता मुंबईहून कुवेत, बहारीन, दुबईला सरकला. राजिवडा, मिरकरवाडा आणि खाडीकाठच्या गावांतून माणसं गेली. दोन वर्षांनी परतली ती टू-इन-वन घेऊन! आधी मुंबईच्या कस्टममधून आणि मग रातराणीच्या धक्क्यांतून ते धूड मांडीवर घेऊन माणूस यायचा. कशेडी घाटात पोराचं डोकं खिडकीवर आपटलं तरी चालेल, यंत्राला ओरखडा नको. घरी आलं की त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर प्लॅस्टिकची फुलदाणी. काही घरांतून ते यंत्र वर्षातून दोनदाच वाजे, गणपतीत किंवा ईदला. एरवी ते फुलदाणी सांभाळी.

थोडे कानवाले लोक मात्र डेक आणत. पुढे १९८३ साली सुपर कॅसेट्स ही कंपनी निघाली, कॅसेट स्वस्त झाली, आणि घराघरांत गीतरामायण, भजनं, पु. लं.च्या आवाजातला अंतू बर्वा असे पाहुणे राहायला आले. रत्नागिरीचा अंतू बर्वा रत्नागिरीतच जपानी यंत्रातून ऐकायचा, आणि ऐकून झाल्यावर म्हणायचं, "ह्यात काय विशेष? आमच्या आळीत असे सात आहेत!"

पण कॅसेटचं खरं काम गाण्यांपलीकडचं होतं. टंकलेखिकेसाठी जन्मलेली ही वस्तू आमच्याकडे पत्र झाली. ज्यांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं पण शेजाऱ्याकडून वाचून घेतल्यावर सगळ्या आळीला कळायचं, ते कॅसेट भरून जाणाऱ्या माणसाबरोबर देत. अर्धा तास एका बाजूला आई, अर्धा तास दुसऱ्या बाजूला बायको. मधे कॅसेट उलटण्याइतकंच काय ते खासगीपण.

पुढे सीडी आली, मोबाइल आला, आणि ही सगळी यंत्रं माळ्यावर गेली. माळ्यावरून भंगारात. इथे माझा आणि आमच्या भंगारवाल्याचा परिचय झाला. डेकची पारख करणारा त्याच्याइतका जाणकार मी पाहिलेला नाही. तो कंपनीचं नाव वाचत नाही, बटणं दाबत नाही, नुसता उचलतो. "काका, हा फुकट आहे, प्लॅस्टिकचा. हा घ्या, सात किलो भरला!" त्याला हवं असतं ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं आणि चाकाचा धातू, मला हवा असतो तोच ट्रान्सफॉर्मर आणि तेच चाक. फरक एवढाच, की त्याला ते सुटं हवं असतं नि मला जागच्या जागी. दोघांचाही हिशेब किलोवर. दुर्दैवाने त्याला आता माझं वेड कळलं आहे, त्यामुळे भाव तांब्याचा राहिलेला नाही.

घरी आणलेला डेक कधीच वाजत नाही. रबरी पट्टा विरघळून काजूच्या चिकासारखा झालेला असतो. पण तळाचे चार स्क्रू काढले की सगळा संसार उघडा! पट्टा बदला, हेडवरची काळी पुटं स्पिरिटच्या कापसाने पुसा, रबरी रोलर साफ करा, सांध्यांना तेलाचा एकेक थेंब द्या. यंत्र पुन्हा चालू. ज्यांनी ते बनवलं त्यांनी ते कधीतरी बिघडेल हे धरून बनवलं होतं. हल्लीचा फोन गोंदाने बंद केलेला असतो. बिघडला की आपण त्याला आणि तो आपल्याला मुकतो. पावसाळ्यात मी प्रत्येक डेक रोज अर्धा तास वाजवतो. त्याच्याच उबेने त्याची ओल सुकते. आमच्या सौभाग्यवती याला 'डेकना शेक देणं' म्हणतात.

मागच्या पावसाळ्यात राजिवड्याची एक मुलगी एक कॅसेट घेऊन आली. तिचे वडील कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९०ला इराकने कुवेत घेतलं, आणि तिथून १ लाख ७० हजारांहून जास्त भारतीयांना परत आणावं लागलं. बहुतेकांना अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी. तिच्या वडिलांचा तिथला सगळा संसार, टू-इन-वनसकट, तिथेच राहिला. सदऱ्याच्या खिशात ही कॅसेट तेवढी आली. आता वडीलही नाहीत. "काका, यात आजी बोलते म्हणतात. मी तिला पाहिलेलं नाही."

कॅसेटच्या आतला फीत दाबून धरणारा नमद्याचा तुकडा निखळून पडला होता. पाच स्क्रूंची एक चांगली कॅसेट उघडून मी त्या फितीची रिळं त्यात बसवली आणि सात किलोवाल्या डेकमध्ये घातली.

आजी ओरडून बोलत होत्या. कुवेत लांब आहे ना! भात लावून झाला, म्हैस व्याली, धाकट्याला शाळेत घातला, तू जेवतोस का. वीस मिनिटांत सगळं सांगून झालं. पण यंत्र बंद करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं. पुढची दहा मिनिटं नुसता कौलांवरचा पाऊस, मधे एकदा कोंबडी, आणि लांबून त्यांचं कुणाला तरी हाक मारणं. मी हात पुढे केला, तर मुलगी म्हणाली, "राहू दे काका, वाजू दे."

चाक जड होतं. पाऊस जराही हेलकावला नाही.

ते सगळं मी तिला मोबाइलवर उतरवून दिलं. ती गेल्यावर सौभाग्यवतींनी डेकवरची धूळ पदराने पुसली, आणि भंगारवाल्याकडे आणखी एखादा आला आहे का, असं स्वतःहून विचारलं. आला आहे. साडेआठ किलो. भाव सांगायची मला अजून हिंमत झालेली नाही.