सूर्यास्ताचे जेवण आणि रात्रीची मालिका



मागच्या महिन्यात माळा आवरताना माझ्या घरखर्चाच्या जुन्या वह्या हाती लागल्या. बी.कॉम. झाले तरी नोकरी कधी केली नाही, पण जमाखर्च लिहायची सवय काही सुटली नाही. १९८४ च्या मे महिन्यात लग्न होऊन सांगलीला आले, तेव्हापासूनच्या वह्या आहेत. नुसत्या चाळायला घेतल्या आणि दुपार कधी सरली कळले नाही. तेल किती, साखर किती, टीव्हीचा हप्ता किती, केबलवाल्याला किती, सगळे तारीखवार. वाचता वाचता जाणवले की आमच्या घरात टीव्ही कसा आला आणि आमचे जेवण कसे बदलले, हा एकच इतिहास आहे. आज तोच लिहिते. यात माझी चूक आहे, तीही लिहिते.

मी लग्न होऊन आले तेव्हा घराचे घड्याळ म्हणजे सूर्य. सासूबाईंना सगळे आक्का म्हणत. सकाळी बस्तीत दर्शन झाल्याशिवाय त्या पाणी घेत नसत आणि दिवस मावळल्यावर काही खात नसत. आपल्याकडे थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आषाढात सातच्या पुढे. त्याप्रमाणे ताटे मागेपुढे होत. ह्यांची हळदीची अडत. मार्गशीर्षात हे साडेपाचला येऊन जेवत आणि पुन्हा पेढीवर जात. रात्री चूल नाही, भांडी नाहीत. नवी सून म्हणून मला ते सोयीचेच वाटायचे, फक्त दुपारी चारला स्वयंपाकाला लागावे लागे, तेवढा एक जाच.

आपल्या शास्त्रात रात्रिभोजनत्याग अहिंसेसाठी सांगितला आहे. अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात त्याची कारणे आहेत. दिव्याच्या उजेडावर येणारे बारीक जीव अन्नात पडतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. दुसरे कारण आपण विसरतो. रात्रीच्या खाण्यात आसक्ती जास्त असते, असेही तिथे म्हटले आहे. पुढच्या सगळ्या गोष्टीत मला हे दुसरे कारण फार आठवत राहिले.

आक्कांच्या फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर वारांप्रमाणे रसत्याग. रविवारी मीठ नाही, सोमवारी हिरवी भाजी नाही, मंगळवारी गोड नाही, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही, शनिवारी तेल नाही. तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपाचे सहा प्रकार आहेत, त्यांत अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे आणि रसपरित्याग म्हणजे हा असा त्याग, हे दोन्ही येतात. आक्का चौथी शिकलेल्या. त्यांना सूत्रे पाठ होती आणि कागद कशासाठी आहे तेही ठाऊक होते.

आता टीव्हीकडे येते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पण आमच्यासारख्या गावांना त्याचा उपयोग नव्हता. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आले आणि १९८४ साली देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली. त्याच वर्षी ७ जुलैला ‘हम लोग’ सुरू झाली. दीडशेहून अधिक भाग चालली, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगत. आम्ही ती शेजारच्या वाड्यात जाऊन बघायचो. रात्रीची वेळ. पण जेवणे केव्हाच झालेली असत, त्यामुळे हात रिकामे, मन मोकळे. आक्काही पदर सावरून यायच्या. मालिकेतल्या मुलींच्या शिक्षणाचा, लग्नाचा विषय निघाला की परतताना गल्लीत आम्ही सासू-सुना त्यावर बोलायचो. एरवी माझ्याशी डाळ-तांदळापलीकडे न बोलणाऱ्या आक्का बडकीचे लग्न जमले पाहिजे म्हणून हळहळायच्या. म्हणून टीव्हीला सरसकट दोष द्यायला माझे मन धजत नाही. दिवसभर स्वयंपाकघरात असणाऱ्या आम्हा बायकांना पुरुषांच्या बरोबरीने एका खोलीत बसून एकच गोष्ट बघायला मिळाली ती टीव्हीमुळे.

१९८६ च्या दिवाळीत आमच्याकडे काळा-पांढरा संच आला. वहीत हप्त्याची नोंद आहे. तीनेक महिन्यांनी, २५ जानेवारी १९८७ ला, रामानंद सागरांचे ‘रामायण’ सुरू झाले. दर रविवारी सकाळी साडेनऊ. तुम्हाला आठवतच असेल, रस्ते ओस पडायचे. आमच्या बस्तीत रविवारचा अभिषेकसुद्धा लवकर आटोपू लागला. साडेनऊला आमच्या सोप्यात पंचवीस-तीस माणसे बसलेली असत. पाहुण्यांना रिकामे कसे बसवायचे? आधी चहा झाला. मग बिनलसणीचे भडंग. मग पोहे, मग कुणीतरी म्हणाले म्हणून भजी. एप्रिलच्या वहीत ‘रविवार खाणे’ असे एक नवे खातेच मी उघडले आहे.

आणि रविवार म्हणजे आक्कांचा मीठ सोडायचा दिवस. घरभर भज्यांचा वास, आणि त्या भिंतीला टेकून दूध-केळे घेऊन रामाकडे हात जोडून बसलेल्या. त्यांनी कुणाला बोल लावला नाही. पण फडताळावरचा तो कागद त्या वर्षापासून फक्त त्यांच्यापुरता उरला.

‘रामायण’ १९८८ च्या जुलैअखेर संपले आणि २ ऑक्टोबरपासून बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ लागले, ते १९९० पर्यंत. तोवर रविवार सकाळचे टीव्हीसमोरचे खाणे हा घराचा रिवाज झाला होता. मालिका गेल्या, भजी राहिली.

मधल्या काळात आणखी एक पाहुणा आला तो जाहिरातींतून. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मॅगीने दोन मिनिटांत खाणे होते हे पोरांना शिकवले. आमच्याकडे मसाल्यात कांदा-लसूण म्हणून आक्कांनी ते स्वयंपाकघरात येऊ दिले नाही, तर मुलांनी मसाल्याची पुडी बाजूला काढून नुसते मीठ-तिखट घालून खाल्ले! नियम पाळला आणि खाणेही झाले. ही युक्ती आपल्या समाजात आपण सगळ्यांनीच केली आहे. ‘जैन’ असे लिहिलेला पिझ्झा, ‘जैन’ पावभाजी, ‘जैन’ चाट. कंदमूळ नाही एवढे बघितले की लोणी किती आहे ते बघायचे कारण नाही, असे आपण धरून चाललो.

१९९२ मध्ये झी टीव्ही आला, दुसऱ्या वर्षी त्यावर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’. त्याआधी आमच्याकडे पाककृती म्हणजे कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. १९७० सालचे पुस्तक, मापे वाटी-चमच्याची. पुस्तकातला पदार्थ वाचून करायचा असतो. टीव्हीवरचा दिसतो, आणि दिसला की आजच हवा असतो. मी वही घेऊन बसायचे आणि लिहून घ्यायचे. पनीर, मलई, काजूची ग्रेव्ही यांची नावे माझ्या वाण्याच्या यादीत १९९४ पासून दिसतात. पुढे झी मराठीवर प्रशांत दामले यांच्या ‘आम्ही सारे खवय्ये’ने तर दुपारसुद्धा खाण्याच्या गोष्टींनी भरली. चांगले कार्यक्रम होते, मला आवडायचे. साध्या घरातल्या बायका आपापला पदार्थ घेऊन टीव्हीवर आल्या, याचे कौतुकच आहे. पण सणावाराचा पदार्थ मंगळवारी रात्रीसुद्धा करायचा असतो, ही कल्पना आपल्या घरात तिथून शिरली.

आता माझ्या चुकीचा भाग. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली, ‘आभाळमाया’ आली. जुलै २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ एकाच दिवशी सुरू झाल्या. २००१ पासून ई टीव्हीवर ‘चार दिवस सासूचे’, जी पुढे अकरा वर्षांच्या आसपास चालली. आठवड्यातून एकदा येणारी गोष्ट आता रोज येऊ लागली. मुले शिकवणीहून आठला परतत, हेही पेढी बंद करून त्याच सुमाराला. मग सगळे मिळून टीव्हीसमोर जेवायचे ठरले. कुणी ठरवले? मीच. मला दोनदा स्वयंपाक नको होता, आणि खरे सांगते, मालिका चुकवायची नव्हती.

आक्कांचा नियम सुटणार नव्हता. त्या संध्याकाळी सकाळचीच भाकरी दुधात कुस्करून घेऊ लागल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, एकट्या. ताजे करून देते म्हटले की म्हणायच्या, “राहू दे गं, मला कितीसं लागतंय.” एकदाच म्हणाल्या, “दिवस मावळायची वाट बघत बसता व्हय गं जेवायला?” मी हसण्यावारी नेले. सासू-सुनेच्या मालिका बघत असताना माझी सासू आत एकटी जेवते आहे, हे मला दिसले नाही. २००६ मध्ये त्या गेल्या.

वहीतले आकडे सांगतात ते असे. १९८७ च्या जूनमध्ये घरात सहा माणसे, घाण्याचे शेंगतेल ४ किलो, म्हणजे माणशी रोजचे २२ ग्रॅम. २००५ च्या जूनमध्ये पाच माणसे, तेल ७ लिटर, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम. जवळजवळ दुप्पट. यात बाहेरचे फरसाण नाही, ते वेगळ्या खात्यावर आहे. माणसे कमी झाली आणि तेल वाढले, हे मी स्वतःच्या हाताने लिहीत होते, पण कधी भागाकार केला नव्हता.

२००९ मध्ये ह्यांना मधुमेह निघाला. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले, रात्रीचे जेवण सातच्या आत घ्या, जेवताना टीव्ही बंद ठेवा, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, तळण आठवड्यातून एकदा, आणि दोन घास कमीच खा. ह्यांनी माझ्याकडे बघितले. फडताळाचे दार आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर आले असणार. कागद केव्हाच फाटून गेला होता.

आपल्या शरीराला दिवस-रात्रीचे आपले घड्याळ असते, त्याचे काम कसे चालते हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. संध्याकाळनंतर शरीर साखर तितक्या सहज हाताळू शकत नाही, हे आता डॉक्टरच सांगतात. लक्ष दुसरीकडे असले की माणूस जास्त खातो, हेही अभ्यासांतून दिसले आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहिते. आपल्या आचार्यांनी नियम मधुमेहासाठी सांगितले नव्हते, अहिंसेसाठी आणि आसक्ती कमी होण्यासाठी सांगितले होते. प्रकृतीला फायदा झाला तो वरकड. ‘आमच्याकडे हे सगळे आधीच होते’ असे मिरवण्याचा हक्क मला तरी नाही, कारण होते ते मी सोडले होते.

परत वळणे सोपे गेले नाही. हे पहिला महिना रात्री नऊला डबे उघडून बघायचे. मी दशलक्षण पर्वात सुरुवात केली, कारण त्या दहा दिवसांत टीव्ही बंद आणि जेवण लवकर, हे दरवर्षी होतच होते. दहाचे पंधरा दिवस केले, मग महिना. ज्वारीची भाकरी, मूग, पडवळ-दोडका. तळण पाडव्याला आणि दिवाळीला. बुधवार-शनिवार तूप-तेलाला हात आखडता. मालिका सोडल्या नाहीत, खोटे कशाला सांगू? जेवण आटोपून बघते. हातात काही नसले की वाईट मालिका लगेच ओळखू येते, हा एक नवाच फायदा!

माझी सून पुण्यात नोकरी करते, घरी पोचायला तिला साडेसात होतात. तिला सूर्यास्ताचा आग्रह मी धरत नाही. चारला स्वयंपाकाला लागणारी बाई घरात होती म्हणून आमची ताटे साडेपाचला पडत होती, हे मला विसरून चालणार नाही. ती ऑफिसातच पाचला डब्यातली भाकरी-उसळ खाते आणि घरी आल्यावर दूध. नातवाला जेवताना मोबाइल मिळत नाही. तिने तिच्या सोयीने एवढे केले आहे, आणि तिच्या वयात मी तेवढेही केले नव्हते.

२०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा लागले, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. आम्ही दोघेच घरात. रात्रीच्या भागाला बसलो तेव्हा जेवून अडीच तास झाले होते. भजी नव्हती, पंचवीस माणसे नव्हती, भिंतीला टेकून बसणाऱ्या आक्काही नव्हत्या. रविवार आला तशी मी न सांगता आमटीत मीठ घातले नाही. ह्यांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितले आणि काही न बोलता जेवले.

गेल्या जूनचा हिशेब आत्ताच केला. दोन माणसे, तेल १.२ किलो, माणशी २० ग्रॅम. आक्कांच्या काळाच्या खाली आले. नवा कागद लिहून फडताळाच्या दाराला आतून लावला आहे.

तुमच्याही माळ्यावर जुन्या वह्या असतील तर काढून बघा, आणि एकदा तेलाचा भागाकार करा.

जय जिनेंद्र.